रुळांकडेचा माळ

पुण्याहून निघालेली बारामतीची पॅसेंजर दौंड सोडते आणि मग तिला फारशी घाई उरत नाही. मळद येतं, शिरसाई येतं, कटफळ येतं, आणि मग बारामती. दौंडपासूनची ही चाळीसेक किलोमीटरची शाखा १९१४ साली नॅरोगेज म्हणून सुरू झाली, पुढे ब्रॉडगेज झाली, आता तिच्यावर विजेच्या ताराही आल्या. खिडकीशी बसलेला प्रवासी हडपसर, मांजरी, लोणीपर्यंत इमारती पाहतो, यवत-केडगावला ऊस पाहतो आणि दौंडच्या पुढे पाहण्यासारखं काही नाही असं ठरवून डोळे मिटून घेतो. नेमका तिथूनच पाहण्यासारखा मुलूख सुरू होतो.

दिवाळी उलटून गेलेली असावी. पावसाळ्यातलं हिरवं गवत तोवर आधी तांबूस आणि मग सोनेरी होतं. मुरमाड उतारावर ते पुष्कळदा गुडघ्याएवढंही नसतं, पण सकाळच्या तिरप्या उन्हात अख्खा माळ आतून उजळल्यासारखा दिसतो. मधूनच एखादा हिवर, एखादी बोर, तरवडाची पिवळी झुडपं. तारेवर नीळकंठ बसलेला असतो. खांबाच्या टोकाला कापशी घार, खाली गवतात हलणाऱ्या उंदरावर डोळा ठेवून. गवताच्या शेंड्यांना पोट लागेल इतक्या खालून, पंख किंचित वर धरून एक करडा शिकारी पक्षी तरंगत जातो, तो भोवत्या. मध्य आशियातल्या गवताळ मुलखात उन्हाळा काढून तो हिवाळ्यासाठी आपल्या दख्खनच्या माळावर येतो. एवढे हजारो किलोमीटर ओलांडून तो पुन्हा शोधतो काय, तर गवतच.

आणि नशीब असेल तर चिंकारा. काळवीट कळपात दिसतं, चिंकारा बहुधा एकटा नाहीतर दोघा-चौघांत. गाडीच्या धडधडाटाला तो सरावलेला आहे. मान वर करतो, शेपटीचा काळा झुपका दोनदा झटकतो आणि पुन्हा चरायला लागतो. गाडी थांबली मात्र की तो पळतो. चालती गाडी हा त्याच्या माळाचा भाग आहे, थांबलेली गाडी म्हणजे माणसं.

मी पावसाळा संपल्यावर वर्षातून दोन-तीनदा या गाडीनं जातो, ते एवढ्यासाठीच. बारामतीला माझं कोणी नाही. एकदा तिकीट तपासनिसानं विचारलंही होतं, की गुरुजी, पोरीकडे का? मी म्हटलं, नाही, गवत बघायला. त्यानं माझं तिकीट दुसऱ्यांदा नीट पाहून घेतलं.

मी मूळचा रिह्याचा. मुळशी तालुक्यात, घोटवड्याच्या पुढे आमचं गाव. खाली भाताची खाचरं, वर डोंगराचे उतार. पुण्यात शाळेत भूगोल शिकवण्यात नोकरी गेली, पण शनिवार-रविवार गावाला जाणं कधी सुटलं नाही. रिह्यात रूळ नाहीत. उत्तरेची डोंगररांग ओलांडली की मावळ लागतो आणि त्यातून मुंबईची लाईन जाते. वारं तिकडचं असलं की रात्री आगगाडीची शिट्टी ऐकू येते असं आजी म्हणायची. मला ती कधी ऐकू आली नाही.

डोंगराच्या उतारावर आमच्या भावकीचं अकरा एकर वरकस आहे. वरकस म्हणजे काय हे पुण्यातल्या वाचकांना सांगायला हवं. जिथं भाताचं पाणी ठरत नाही अशी उताराची जमीन. पूर्वी तिथं आलटून पालटून नाचणी-वरई होई आणि मधली वर्षं गवत वाढू देत. सातबाऱ्याच्या पीकपाहणीत अशा जमिनीपुढे तलाठी लिहितो ‘गवतपड’. या शब्दातलं ‘गवत’ कोणी वाचत नाही, सगळे ‘पड’ तेवढं वाचतात. हिंजवडीला संगणकाच्या कंपन्या आल्या तेव्हापासून मुळशीतल्या पडीला भाव आला आणि गेल्या तीन वर्षांपासून आमच्या वरकसालाही गिऱ्हाईक आहे. माझा चुलतभाऊ नाना पहिल्याच बैठकीत म्हणाला, “दादा, तिथं आहे काय? गवतच ना?”

त्याचं म्हणणं गैर नव्हतं. त्याच्या दोन मुली शिकताहेत आणि गवतावर कॉलेजची फी भरता येत नाही. पण ‘गवतच ना’ हे शब्द माझ्या डोक्यातून जाईनात. शाळेत तीस वर्षं मी जगातले गवताळ प्रदेश शिकवले. फळ्यावर लिहायचो: प्रेअरी, पंपास, स्टेप, व्हेल्ड, सॅव्हाना. मुलं पाठ करायची. आपल्या दख्खनचं नाव त्या यादीत पुस्तकानं घातलेलं नव्हतं.

त्यातली प्रेअरी मी २०१८ च्या उन्हाळ्यात पाहिली. माझी भाची शिकागोच्या पश्चिमेला व्हीटन गावात राहते. तिच्या घराजवळून एक कच्ची, बारीक खडीची वाट जाते. सायकली, पळणारी माणसं, बाबागाड्या. ही जुन्या रेल्वेची वाट. शिकागो, ऑरोरा आणि एल्जिन या गावांना जोडणारी विजेवरची रेल्वे होती, तिची प्रवासी वाहतूक १९५७ मध्ये बंद पडली आणि पुढे रूळ उखडले गेले. मोकळ्या पट्ट्यावर काय करायचं याची चर्चा चालू असताना १९६३ मध्ये मे थिलगार्ड वॉट्स या निसर्ग-अभ्यासक बाईंनी ‘शिकागो ट्रिब्यून’ला एक पत्र लिहिलं: ही जमीन वाटून टाकू नका, इथं लोकांना पायी चालू द्या. त्यातून ‘इलिनॉय प्रेअरी पाथ’ उभी राहिली. आज तिच्या सगळ्या शाखा मिळून शंभरेक किलोमीटर होतात. पुढे अमेरिकेत अशा वाटांची लाटच आली. मिझूरी राज्यातली केटी ट्रेल पावणेचारशे किलोमीटरहून लांब आहे.

पण मला भावलं ते वेगळंच. इलिनॉयला ‘प्रेअरीचं राज्य’ म्हणतात आणि तिथल्या मूळ प्रेअरीपैकी चांगल्या अवस्थेत उरलेला भाग दहा हजारांत एक एवढाच आहे. बाकी सगळ्यावर मका आणि सोयाबीन. जॉन डिअरनं त्याच राज्यात १८३७ मध्ये पोलादी नांगर घडवला आणि त्या नांगरानं दोन पिढ्यांत गवत संपवलं. जे थोडं उरलं ते कुठे, तर जुन्या दफनभूमींत आणि रेल्वेच्या कडेला. कारण साधं आहे. रेल्वे आली तेव्हा शेजारचा माळ पुरता नांगरला गेलेला नव्हता. रेल्वेनं आपल्या हद्दीला तार ओढली, तिच्या आत नांगर शिरला नाही आणि गुरंही नाहीत. वाफेच्या इंजिनाच्या ठिणग्यांनी आणि कडा साफ ठेवणाऱ्या कामगारांनी गवत अधूनमधून जळत राहिलं, आणि जळणं हे प्रेअरीला मानवतं. तिची मुळं दोन-तीन मीटर खोल असतात, वरचं जळालं तरी खालचं जिवंत. झाडांची रोपं मात्र आगीत टिकत नाहीत. कुणीही न ठरवता रेल्वेनं प्रेअरी राखली.

भाचीनं मला एका फलकाशी नेलं. पुरुषभर उंचीचं एक गवत होतं, बिग ब्लूस्टेम. त्याची तीन बोटांसारखी फुटलेली ओंबी हातात धरली आणि मी थबकलो. हे तर आमच्या मारवेलाचं थोरलं भावंड! नंतर वाचलं तर खरंच तसं निघालं. ब्लूस्टेम, आपलं मारवेल, कुसळी, पवन्या, इतकंच काय ज्वारी आणि ऊसही वनस्पतिशास्त्रात एकाच घराण्यातले. मारवेल तर अमेरिकेतही पोचलं आहे. टेक्सासात ते चाऱ्यासाठी नेलं, तिथं ते माजलं आणि तिथले लोक आता त्याला तण म्हणून शिव्या घालतात. गवत चांगलं की वाईट हे ते कुठं उभं आहे त्यावर ठरतं.

परत आल्यावर मी आपल्याकडे असं काही आहे का ते शोधायला लागलो. रूळ उखडलेल्या वाटा आपल्याकडेही आहेत. वऱ्हाडात यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरची ‘शकुंतला’ बंद पडून आहे. पण मला ओढ होती ती बार्शी लाइटची. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनियरनं अडीच फुटी रुळांवर हलक्या गाड्या किती काटकसरीनं चालवता येतात हे दाखवण्यासाठी बांधलेली ही रेल्वे. १८९७ मध्ये कुर्डुवाडी (तेव्हाचं बार्शी रोड) ते बार्शी, १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर, १९२७ मध्ये मिरज. सव्वातीनशे किलोमीटर लांब आणि कुठेही घाईत नसलेली. १९५४ मध्ये सरकारनं ती विकत घेतली. माझी आजी तिच्यातूनच पंढरीला जायची. गाडी चढावर इतकी हळू होई की पोरं उतरून बोरं वेचून पुन्हा चढत, असं ती सांगायची. सगळ्या नॅरोगेजबद्दल सगळ्याच आज्या हेच सांगतात, पण ते खोटं समजायचं कारण नाही.

या शतकाच्या पहिल्या दशकात या मार्गाचं ब्रॉडगेज झालं. बऱ्याच ठिकाणी नवे रूळ जुन्याच वाटेवरून गेले, पण काही ठिकाणी बाजूला सरकले. धाराशिव शहर जुन्या मार्गावर नव्हतं, नवा मार्ग वळवून शहराशी नेला. तिकडचा जुना भराव मागे राहिला. बार्शीचे एक जुने सहकारी आहेत, त्यांच्याबरोबर मी येडशीकडच्या भागात दोन दिवस अशा मागे राहिलेल्या वाटांवरून हिंडलो. बैलगाडीची चाकोरी, कुठे दगडी मोरी, कुठे शेतकऱ्यानं बांधात ओढून घेतलेला भराव. अमेरिकेसारखा अखंड पट्टा नाही. कुणी आखून दिलेला नाही, कुणी राखलेला नाही. आणि तरीही दोन्हीकडे सोयाबीन असताना भरावाच्या उतारावर मारवेल होतं, शेडा होता, पवन्या होता. त्यात लावरी फडफडली. भरावासाठी माती काढली होती तिथं लांबट खड्डे उरलेत, त्यात पाणी आणि पाण्यात ढोकरी. नॅरोगेजनं मागे ठेवलेलं एवढंच. माझे सहकारी म्हणाले, “आता हे सांगू नका कुणाला, उद्या इथं पेव्हर ब्लॉक बसवतील.” मला हसू आलं, पण त्यांना आलं नाही.

खरा माळ पाहायचा तर शिरसाईला उतरावं. रुळांवरून चालू नये, तो कायद्यानं गुन्हा आहे आणि जिवाशी गाठ आहे. हद्दीच्या बाहेरून मेंढपाळांच्या वाटा जातात, त्या पुरतात. शिर्सुफळचा तलाव आणि भोवतालचा गवताळ माळ पक्षी पाहणाऱ्यांना पूर्वीपासून माहीत आहे. २०२४ पासून वन खात्यानं इथं आणि इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीला ‘गवताळ सफारी’ सुरू केली आहे. गावातलीच मुलं वाटाडे म्हणून बरोबर येतात. त्यांना लांडग्याचं बीळ माहीत असतं आणि ते दाखवायचं नसतं हेही माहीत असतं. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य इथून फार लांब नाही. चिंकाऱ्यासाठी १९९७ मध्ये राखलेलं, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. कर्जतजवळचं रेहेकुरी, काळविटांचं, सव्वादोन चौरस किलोमीटरचंही नाही. वाघांसाठी आपण शेकड्यांनी मोजतो, माळासाठी अपूर्णांकात.

वाघ दाखवणं सोपं आहे. माळ दाखवायला वेळ लागतो. पहिला अर्धा तास काहीच नसतं. मग पायाशी दगड हलतो आणि तो धाविक निघतो, लांब पायांचा, विटकरी छातीचा, उडण्यापेक्षा पळण्यावर भिस्त असलेला. मातीचं ढेकूळ उडतं, ते पखुर्डीचं जोडपं. वरून डोंबारी चिमणी पंख मिटून दगडासारखी खाली येते, जमिनीच्या अलीकडे सावरते, पुन्हा वर जाते. तिचं नाव ज्यानं ठेवलं त्यानं डोंबाऱ्याचा खेळ आणि हा पक्षी, दोन्ही नीट पाहिले असणार. संध्याकाळी खोकड बिळाच्या तोंडाशी येऊन बसतं, कुणाच्या तरी ओसरीवर बसल्यासारखं. माळावरचं सगळंच जमिनीच्या रंगाचं असतं आणि सगळ्यांची अंडी-पिल्लंही उघड्या जमिनीवर. म्हणूनच नांगराच्या एका फेरीत सगळं जातं, झाड तोडल्याचा आवाजही होत नाही.

माळढोक मला तिथं दिसला नाही, दिसणारही नव्हता. त्याच्यासाठी १९७९ मध्ये सोलापूर-नगर भागात आठ हजारांहून जास्त चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं होतं. त्यात बहुतेक लोकांची शेतं आणि गावं. जमिनीच्या खरेदी-विक्रीत अडचणी आल्या, लोक पक्ष्यावरच चिडले, पुढे क्षेत्र खूप कमी करावं लागलं. नान्नजला अवर्षणप्रवण कार्यक्रमात राखलेल्या गवताच्या तुकड्यांवर एकेकाळी माळढोक नाचत. आता तिथं एखादा दिसला तर वर्तमानपत्रात बातमी होते. देशात उरलेत ते दीडशेच्या आसपास, बहुतेक राजस्थानात. उजनीचं पाणी, ऊस, द्राक्षबागा, मोकाट कुत्री, विजेच्या तारा, कारणं कुणाला ठाऊक नाहीत असं नाही. लोकांना कागदावर अभयारण्य दिलं आणि हातात काहीच दिलं नाही, हेही एक कारण मी धरतो.

एका वर्षी नवरात्राच्या आधी मी शिर्सुफळच्या माळावर होतो. एका हिवराखाली एक म्हातारे धनगर बसले होते, मेंढरं पसरलेली. मी पाणी दिलं, त्यांनी तंबाखू पुढे केली. लांडग्याचा विषय मी काढला.

“नेतो की. वरसाला चार-दोन नेतो. त्याचा वाटा हाय त्यो,” ते म्हणाले. “त्याची कटकट न्हाई गुरुजी. कुत्र्यांची हाय. कुत्री खात बी न्हाईत, नुसती फाडत्यात. आन् आता लांडग्यात कुत्रं मिसळाय लागलंय.”

ही शेवटची गोष्ट अभ्यासकही सांगतात. लांडगा-कुत्रा संकराची नोंद पुणे जिल्ह्यात झाली आहे. म्हाताऱ्यांनी ती कुठल्या अहवालात वाचलेली नव्हती.

मग त्यांनी माझं गाव विचारलं. मी रिहे म्हटलं, ओळखीसाठी पौडाचं नाव घेतलं. त्यांचा चेहरा बदलला. “मंजी मुळशी! दसरा झाला की आम्ही तिकडनंच कोकणात उतरतो की. पौडावरनं, ताम्हिणीनं. आजा जायचा, बाप जायचा.” हे मला ठाऊक होतं आणि नव्हतंही. दिवाळीच्या सुमारास घोडी, कोंबड्या, पोरं आणि मेंढरांची रांग मुळशीच्या रस्त्यानं जाताना मी लहानपणापासून पाहत आलोय. ती माणसं कुठून येतात हे भूगोलाच्या मास्तरानं कधी विचारलं नव्हतं इतकंच. ती या माळावरून येतात. पावसाळा इथं, कारण कोकणातला पाऊस मेंढीला सोसत नाही. हिवाळा-उन्हाळा तिकडे, कारण इथलं गवत संपतं. वाटेत जिथं शेतात मेंढरं बसवतील तिथं खत पडतं, धान्य मिळतं. या दोन मुलखांना बांधणारी वाट रेल्वेहून पुष्कळ जुनी आहे.

ते म्हणाले, “तुमच्याकडं अजून गवात हाय का? आमाला पिरंगुटापासनं म्होरं नुसत्या तारा लागत्यात. मेंढरं रस्त्यावरच हाकावी लागत्यात.”

मी आमच्या वरकसाचं सांगितलं. अकरा एकर ऐकून ते हसले, कारण त्यांच्या कळपाला ते दोन दिवसांचं. पण म्हणाले, “दोन दीस तर दोन दीस.”

माळाला आपण पडीक का म्हणतो? इंग्रजी अमदानीत ज्यावर सारा नाही ते ‘वेस्ट’, ही एक गोष्ट. दुसरी अशी की आपल्या मनात निसर्ग म्हणजे झाडी हे समीकरण पक्कं बसलंय. गवत दिसलं की वाटतं इथं पूर्वी जंगल होतं, कुणीतरी तोडलं, आता आपण लावलं पाहिजे. २०१९ साली राज्यात ३३ कोटी झाडं लावायचं उद्दिष्ट होतं. अशा मोहिमेत खड्डे घ्यायला सगळ्यात सोयीची जागा म्हणजे उघडा माळ. मग तिथं गिरिपुष्प येतं, त्याच्या सावलीत गवत जातं, गवताबरोबर धाविक जातो, आणि फलकावर लिहिलं जातं ‘हरित क्षेत्र’.

पण माळ तोडलेल्या जंगलाचा उरलेला सांगाडा नाही. २०२५ मध्ये आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांनी जुनं मराठी वाङ्मय चाळलं, तेराव्या शतकापासूनच्या संतचरित्रांपासून अलीकडच्या ओव्यांपर्यंत, आणि त्यात पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्या ठिकाणी कोणत्या झाडाचा उल्लेख येतो ते टिपलं. बहुतेक झाडं निघाली माळावरची, उन्हात वाढणारी, हिवर-तरवडासारखी. म्हणजे किमान साडेसातशे वर्षांपूर्वीही हा मुलूख असाच, विरळ झाडांचा आणि भरपूर गवताचा होता. मला हा निबंध वाचून विलक्षण आनंद झाला. पुरावा होता तो दळताना आपल्या बायकांनी म्हटलेल्या ओव्यांतही.

इथं मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, कारण मी नानालाही ती सांगितली. शिरसाईचा माळ आणि रिह्याचा उतार एक नव्हेत. तिकडे पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आसपास. मुरूम उथळ, झाडी दाटणारच नाही. तिथं गवत हाच शेवटचा शब्द. आमच्याकडे पाऊस त्याच्या कितीतरी पट. आमच्या उतारावरचं गवत पुष्कळसं माणसानं घडवलेलं आहे. भाताच्या राबासाठी फांद्या तोडल्या, गुरं चारली, गवत कापलं, वणवे लागले, म्हणून ते गवत. सगळं थांबवलं तर तिथं हळूहळू करवंदं येतील, मग ऐन येईल, आणि पन्नास वर्षांनी कदाचित रान होईल. तेव्हा ‘हा आदिम माळ आहे, हात लावू नका’ असा दावा मी आमच्या अकरा एकरांबद्दल करू शकत नाही. पण रान व्हायचं असो की गवत राहायचं असो, दोन्हीला जमीन मोकळी लागते. प्लॉट पाडून, रस्ते खोदून, भिंती घातल्या की दोन्ही शक्यता मिटतात. भेकर तिथून जात नाही, तितर तिथं घालत नाही, आणि धनगराचा घोडा दोन दिवस थांबू शकत नाही.

नाना म्हणाला, “आणि पैशाचं?”

पैशाचं माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. गवताचं उत्पन्न काढून पाहिलं. गेल्या तीन हंगामांत आम्ही दिवाळीनंतर वरकस कापून घेतलं. पूर्वी पेंढ्या बांधून बैलगाडीनं पुण्याच्या गोठ्यांना जात, आता टेम्पोवाला जागेवर येऊन नेतो. मजुरी वजा जाता हातात राहतं ते नानाच्या थोरलीच्या एका सहामाही फीच्या निम्म्याला पुरतं. गिऱ्हाईक जे देतोय त्याच्याशी याची तुलना करणं हास्यास्पद आहे, आणि नानानं ती करून मला हसूनही दाखवलं. मी फक्त एवढं म्हटलं की तो आकडा एकदाच येतो, पेंढ्या दरसाल येतात. त्यावर माझी वहिनी म्हणाली, “भावोजी, फीसुद्धा दरसालच येते.” याला मला काही बोलता आलं नाही.

गेल्या दिवाळीनंतर एक बदल मात्र झाला. कापणी झाल्यावर खालच्या खाचरात नानानं स्वतःहून मेंढरं बसवून घेतली, तीन रात्री. शिर्सुफळचे ते म्हातारे त्यात नव्हते. दुसरा वाडा होता, फलटणकडचा. भाताच्या खाचराला खत झालं आणि मेंढरं दिवसा वरकसावर उरलेलं गवत चरली. तिसऱ्या रात्री त्यांची कुत्री खूप भुंकली. सकाळी त्यांच्यातली एक बाई वरच्या पायवाटेवर पंज्याचे ठसे दाखवायला नानाला घेऊन गेली. तरसाचे असावेत. पुढचा पंजा मोठा, मागचा लहान. नाना पन्नास वर्षं त्या गावात राहतोय, त्यानं ते पहिल्यांदा पाहिले. मोबाइलवर फोटो काढून मला पाठवला, खाली एक शब्द नाही.

सातबाऱ्यावर आम्हा आठ जणांची नावं आहेत. पाच जण सही करायला तयार आहेत. मी नाही, आणि माझी धाकटी आत्या नाही. तिचं कारण वेगळं आहे, तिला वरच्या टोकाची करवंदं हवी असतात. आठवं नाव नानाचं. गिऱ्हाईकानं अक्षय्य तृतीयेपर्यंत सांगायला सांगितलं आहे. नाना अजून बोललेला नाही. मागच्या रविवारी गेलो तेव्हा तो वरकसाच्या कडेनं पाच हातांचा पट्टा साफ करत होता, वणवा आत येऊ नये म्हणून. मी विळा घेतला आणि दुसऱ्या टोकानं सुरुवात केली.